पूर्वेस वाटसरूची माती

“तिचे पुतणे म्हणाले, ती आमची राहिली नाही,” पपा दारातूनच म्हणाले. “आणि वाघचौरे सर म्हणतात, ती आपली कधी झालीच नाही.”

टोपी खुंटीला अडकवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर प्रबंधाची पानं पसरून बसले होते. मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेनऊ. पाळकघराच्या मागच्या व्हरांड्यात ठकूमावशीला बर्फाच्या लादीवर निजवलं होतं. पहाटे झोपेतच गेली होती ती.

“मग आता?” मी विचारलं.

“चार वाजता पंच कमिटी बसतेय. सर म्हणतात, नगरला बेवारस प्रेतांची सोय आहे. गाडी मागवू.”

बेवारस म्हणताना पपांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ही गोष्ट शहाण्णव सालची. नगर जिल्ह्यातल्या आंबेहोळ या गावी माझे वडील, रेव्हरंड शामुवेल उजागरे, तिथल्या मंडळीचे पाळक होते. मंडळी म्हणजे आमची चर्चची सभा, अडीचशे घरांची. मी पुण्याला तत्त्वज्ञानात पीएच.डी. करत होते आणि सुट्टीला घरी आले होते.

ठकूमावशी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आमच्याकडे आली. काम संपलं, बाकीच्या बाया आपापल्या गावी गेल्या, ती राहिली. मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायला लागली ती चोवीस वर्षं. माझी आई मी सात वर्षांची असताना वारली. त्यानंतर माझी वेणी मावशीनं घातली, आणि इतकी घट्ट घातली की माझे डोळे तिरपे दिसायचे. दर रविवारी ती देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर बसायची. दाराच्या बाहेर, चपला शेजारी ठेवून, उपासना संपेपर्यंत. आत कधी आली नाही. पपांनी तिला तीनदा बाप्तिस्म्याबद्दल विचारलं होतं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “पाळकसाहेब, तुमचा देव मला वळखतो. डोक्यावर पानी घालून नव्यानं काय वळख करून द्यायची?”

त्यानंतर पपांनी विचारलं नाही. पण नियमांच्या वहीत या उत्तराला जागा नव्हती.

पपा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. टेबलावरचं एक पान त्यांनी उचललं. त्यावर माझे मार्गदर्शक ओगले सर यांनी लाल शाईनं लिहिलं होतं: ‘वाचन चतुर आहे. पण याचा नीतीशी संबंध काय?’

तो शेरा घेऊन मी दोन महिने बसले होते. माझा विषय होता डीकन्स्ट्रक्शन. मराठीत त्याला विरचना म्हणतात. ओगले सर स्वतः फिनॉमिनॉलॉजीचे. म्हणजे समोरची गोष्ट आपल्याला जशी दिसते, तशीच आधी पाहायची. तिच्याबद्दलची आपली मतं, नावं, माहिती थोडा वेळ बाजूला ठेवायची. पहिल्या वर्षी त्यांनी मला महिनाभर एका खुर्चीचं वर्णन करायला लावलं होतं, ‘खुर्ची’ हा शब्द न वापरता. विरचना त्यांना वकिली वाटायची. पानातल्या फटी शोधायच्या आणि टाळ्या घ्यायच्या.

“चार वर्षांत मी कधी विचारलं नाही,” पपा म्हणाले. “लोक मला सांगतात, तुमची मुलगी असलं काहीतरी शिकते की ज्यात शास्त्राचासुद्धा चुराडा करतात. कशालाच अर्थ राहत नाही म्हणे.”

“चुराडा नाही, पपा.”

“मग काय?”

मी शब्द जुळवले. “कुठलाही मजकूर घ्या. कायदा घ्या, शास्त्र घ्या. तो म्हणतो, हे आतलं आणि ते बाहेरचं. पण नीट वाचलं, की बाहेर काढलेलं ते तिथेच कुठेतरी बसलेलं सापडतं. कोपऱ्यात, तळटीपेत, कोणी वाचत नाही अशा ओळीत. आणि आतल्याचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा असतो. ते शोधून दाखवायचं.”

“आणि दाखवून?”

“तिथेच माझं अडलंय.”

पपांनी पान जागेवर ठेवलं, आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

वाघचौरे सर आले होते. मनोहर वाघचौरे, आमच्या मिशन शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि पंच कमिटीचे सेक्रेटरी. मला पाचवी ते सातवी मराठी त्यांनी शिकवलं. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. ते आधी मागच्या व्हरांड्यात गेले. ठकूमावशीसमोर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. बर्फाचं पाणी त्यांच्या बुटांपाशी आलं तरी हलले नाहीत. मग आत येऊन त्यांनी फाइल उघडली.

“पाळकसाहेब, मला हे करायला आवडत नाही. बाईचे उपकार माझ्याही घरावर आहेत. पण नियम चार वाचून दाखवतो. ‘दफनभूमी मंडळीच्या बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांकरिता राहील, अन्य कोणाकरिता नाही. चतुःसीमा मूळ खरेदीखताप्रमाणे.’ चोपन्न सालापासून हा नियम आहे. एकालाही सूट दिलेली नाही. आज हिला दिली, तर ज्यांना नाही म्हटलं त्यांना काय सांगायचं?”

“सर,” मी म्हटलं, “चतुःसीमा इथे का नाही उतरवल्या?”

“कशाला उतरवायच्या? पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका. प्रत्येक खतात असतं ते. त्यात वाचण्यासारखं काय आहे?”

“मूळ खत कुठे आहे?”

“देवळाच्या लोखंडी कपाटात. किल्ली तुझ्या वडिलांकडे.” ते किंचित हसले. “बघ वाचून. पण मी वाचलंय, प्रफुल्ला. त्यातही हेच आहे, जास्तच कडक आहे.”

ते गेल्यावर मी पपांकडे पाहिलं. पपा आधीच किल्ल्यांचा जुडगा शोधत होते.

खत अठराशे अठ्ठ्याण्णवचं होतं, तांबड्या कापडात गुंडाळलेलं. अक्षर बाळबोध, शाई तपकिरी पडलेली. घड्यांवर कागद फाटत होता, म्हणून आम्ही ते प्रभुभोजनाच्या टेबलावर पसरलं. सरांचं खरं होतं. मजकूर कडक होता: ‘ही जमीन मंडळीच्या लोकांच्या मातीकरिता, अन्य कोणाच्या नव्हे.’ त्याखाली लिहून देणाराची वंशावळ, साक्षीदार, शपथ. आणि अगदी खाली, घाईनं बारीक केलेल्या अक्षरात, चतुःसीमा.

पपांनी चष्मा कपाळावर सारला आणि कागदाला नाक लावून वाचलं.

“‘पूर्वेस वाटसरूची माती व तीवर बांधलेला दगडी ओटा, तो धरून. तेथून पश्चिमेस हात दीडशे, ओढ्यापर्यंत. उत्तरेस गाडीवाट. दक्षिणेस खळे.’”

पहिलं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, हळू.

“माती म्हणजे कबर,” मी म्हटलं.

“ते मला कळतं,” पपा म्हणाले. “पण ओटा म्हणजे आपला ओटा?”

आमच्या दफनभूमीत पूर्वेच्या भिंतीला लागून एक काळा दगडी ओटा आहे. आंबेहोळच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाची पेटी खड्ड्यात उतरवण्याआधी त्या ओट्यावर टेकवतात आणि शेवटची प्रार्थना करतात. आईची पेटीही तिथेच ठेवली होती. पपांनी त्या ओट्यापाशी उभं राहून तीनशेहून जास्त माणसांना निरोप दिला होता.

मी डोक्याला ओढणी बांधली आणि निघाले.

दावीदतात्या दफनभूमीच्या फाटकात कुदळीवर हनुवटी टेकून बसला होता. कबरी खणायचं काम त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांचं. खणायचा हुकूम नाही आणि खणू नको असंही कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तो नुसता बसून होता.

“तात्या, हा ओटा कशाचा?”

“पेट्या ठिवायचा.”

“तो कोणी बांधला?”

“आमच्या बापानं ठिवल्या पेट्या, म्हून आमी ठिवतो. बांधला कुनी, ते कुनाला ठावं?”

मी ओट्यासमोर उभी राहिले. ऊन इतकं होतं की दगडाकडे बघवत नव्हतं. मला ओगले सरांची खुर्ची आठवली. मी ठरवलं, ‘ओटा’ हा शब्द बाजूला ठेवायचा. पेट्या, प्रार्थना, आईचा दिवस, सगळं बाजूला. मग काय उरतं ते पाहायचं.

उरलं ते असं. चार चिरे लांबीला, दोन रुंदीला. एका माणसाच्या लांबीएवढं. बांधकाम पूर्व-पश्चिम, आणि पश्चिमेकडची बाजू चार बोटं उंच, उशाला असावी तशी. त्या उंच बाजूला दगडात कोरलेला बोटभर खोल कोनाडा, दिवा मावेल एवढा, आतून काळा झालेला. मधला भाग मात्र गुळगुळीत घासलेला आणि जरा खोलगट. शंभर वर्षांच्या पेट्यांनी घासला होता तो.

मी अठ्ठावीस वर्षं ती कबर पाहत आले होते आणि मला ती एकदाही दिसली नव्हती.

“तात्या, ही माणसाची कबर आहे,” मी म्हटलं.

तात्या उठून आला. त्यानं उशाकडच्या कोनाड्यात बोट घातलं, काजळी चोळली आणि बोट माझ्यापुढे धरलं. “येवढी माती दिली जल्मभर,” तो म्हणाला, “आन हितं रोज टेकून बिडी प्यालो.” मग त्यानं टोपी काढली.

आम्ही दोर घेऊन मोजायला लागलो. तात्याच्या कोपरापासून बोटापर्यंत एक हात. पश्चिमेच्या भिंतीपाशी आलो तेव्हा एकशे बत्तीस झाले होते. भिंत ओलांडून आम्ही घाणेरीच्या जाळीतून पुढे गेलो. माझ्या ओढणीला काटे लागले, तात्याच्या हातातून दोर दोनदा सुटला. ओढ्याच्या काठाशी त्याचा कोपर टेकला तेव्हा बरोबर दीडशे भरले.

“भिंत अलीकडं का बांधली?” मी विचारलं.

“ओढ्याला पूर यायचा. कठीन जमीन बगून बांधली आसंल.”

मी ते वहीत लिहून घेतलं आणि फारसा विचार केला नाही. मला हवं होतं ते ओट्यापाशी मिळालं होतं.

घरी पपा व्हरांड्यात मावशीच्या उशाशी बसले होते. बर्फ बदलून झाला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे ज्या खतात ‘अन्य कोणाच्या नव्हे’ लिहिलंय, त्याच खतात अन्य कोणीतरी पहिलंच आहे.”

“आणि जमीन तिच्यापासून मोजलीय.”

“तिच्यापासून?” पपांनी विचारलं. “बाई होती असं कुठे लिहिलंय?”

बाई की बुवा, हिंदू की मुसलमान, दुष्काळातलं की प्लेगातलं, काही लिहिलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिला ठकूमावशीचा चेहरा देऊन टाकला होता.

“खतात आहे तेवढंच बोल सभेत,” पपा म्हणाले. “सर तुझ्या एका शब्दावर बोट ठेवतील, आणि मग सगळंच जाईल.”

चार वाजता देवळात सात पंच बसले. पंखे फिरत होते. बातमी पसरली होती, त्यामुळे मागचे बाक भरले होते. वसतिगृहाच्या सुट्टीला घरी न गेलेल्या अकरा मुली पायरीवर बसल्या होत्या, मावशी बसायची तिथेच. त्यांना आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

पपा अध्यक्ष असल्यामुळे त्यांना मत नव्हतं. सरांनी नियम चार वाचला. सातातल्या चौघांनी माना डोलावल्या. त्या माना मी मोजल्या.

“मंडळीची सभासद म्हणून मला बोलायचंय,” मी उभी राहून म्हटलं.

“बोल,” सर म्हणाले. “मुद्द्याचं बोल.”

मी खत उलगडलं आणि चतुःसीमा वाचल्या. ‘तो धरून’ हे दोन शब्द पुन्हा वाचले. देवळात कुजबूज झाली. मी त्यांना ओट्याची लांबी सांगितली, उशाकडची बाजू सांगितली, दिव्याची जागा सांगितली. दावीदतात्या मागून मोठ्यानं म्हणाला, “म्या सोता बोट घालून बगितलं!”

सरांनी खत मागून घेतलं, वाचलं, परत दिलं.

“ठीक आहे. तिथे आधीपासून कोणाची तरी कबर होती. जमीन घेतली तेव्हा ती सोबत आली. विहीर येते, झाड येतं, तशी. हा अपवाद झाला. अपवादानं नियम मोडत नाही.”

“अपवाद असता तर तो वगळून मोजलं असतं, सर. खतं लिहिणाऱ्याला ‘तो सोडून’ लिहिता येत होतं. त्यानं ‘तो धरून’ लिहिलं. आणि ‘तेथून’ लिहिलं. दीडशे हात तिथून सुरू होतात. ती माती काढून घेतली तर आपली जमीन कुठून कुठपर्यंत आहे हेच सांगता येणार नाही. आपल्यातलं कोण आणि परकं कोण हे ठरवायला आपण जी रेघ ओढली, ती रेघच एका परक्या माणसाच्या अंगावरून गेलीय. आणि आपण आपलं प्रत्येक माणूस आधी त्याच्या अंगावर टेकवतो. माझी आई टेकवली. तुमच्यापैकी प्रत्येकाचं कोणीतरी.”

पंचांपैकी एकानं मान खाली घातली. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

“छान वाचलंस,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं, ते मला ओळखता आलं. “पण मला एक सांग, प्रफुल्ला. हे वाक्य खतात नसतं तर? वाळवीनं तेवढाच कोपरा खाल्ला असता तर तू काय म्हणाली असतीस? की वाक्य सापडलं म्हणून माती द्यायची, आणि नसतं सापडलं तर नगरची गाडी?”

लाल शाईतला शेराच जणू त्यांच्या तोंडून आला होता. मी पपांकडे पाहिलं. ते देवळाच्या उघड्या दारातून पायरीवरच्या मुलींकडे पाहत होते. मीही तिकडे पाहिलं.

“वाक्य नसतं तर माझ्याकडे वाचायला काही नसतं,” मी म्हटलं. “पण मावशी व्हरांड्यात असतीच, सर. ती आपल्याकडे काही मागत नाही, भांडत नाही, नुसती तिथे आहे. तिला काहीतरी उत्तर द्यावंच लागलं असतं, आणि ते देताना आपल्या हातात कुठलाच कागद नसता. ते जास्त अवघड झालं असतं. खत आपल्याला परवानगी देत नाहीये. आपण तिला ‘नाही’ म्हणतो तेव्हा कोणाच्या जिवावर म्हणतो, एवढंच ते दाखवतंय. पुढचं आपलं आपल्यालाच करायचंय.”

मी खाली बसले. मला वाटलं, हरले. कारण सर वादसुद्धा घालत नव्हते. ते माझ्या हातातल्या खताकडे एकटक पाहत होते.

“दीडशे हात,” ते शेवटी म्हणाले. “मोजलेस तू?”

“हो. तात्यानं आणि मी.”

“कुठपर्यंत येतात?”

“ओढ्याच्या काठापर्यंत. भिंत अठरा हात अलीकडे आहे. भिंतीच्या पलीकडची ती पट्टीही दफनभूमीचीच आहे.”

सर उठले. बाकाची पाठ धरून उभे राहिले.

“माझी आई तिथे आहे,” ते म्हणाले.

कोणाला कळलं नाही ते काय म्हणतायत. मलाही नाही.

“अठ्ठावन्न साली. मी एकवीस वर्षांचा होतो, नुकता मास्तर झालो होतो. वडिलांनी आणि आम्ही भावंडांनी बाप्तिस्मा घेतला होता. आई म्हणायची, घेईन, पुढच्या नाताळाला घेईन. भाद्रपदात गेली. कमिटीनं नियम चार दाखवला. मी भांडलो नाही. मला वाटलं, मास्तरच नियम मोडायला लागला तर... भिंतीपलीकडे, ओढ्याच्या काठाला माती दिली तिला. माझ्या हातानं. दगडसुद्धा उभा केला नाही, लोक विचारतील म्हणून. अडतीस वर्षं मी प्रत्येकाला तोच नियम दाखवला. माझ्या आईला लागला, तर तो सगळ्यांना लागलाच पाहिजे. नाहीतर मी तिला कशासाठी बाहेर ठेवली?”

मी घाणेरीच्या जाळीतून चालत गेले होते. कदाचित तिच्या अंगावरून. ओट्यापाशी मी एवढं नीट पाहिलं होतं, आणि तिथे काहीच पाहिलं नव्हतं.

“सर,” मी म्हटलं, “ती बाहेर नव्हतीच. अठराशे अठ्ठ्याण्णवपासून ती जमीन आतली आहे.”

“कळलं मला,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसायची त्यांना घाई नव्हती. त्यांनी उजवा हात वर केला, वर्गात हजेरी देणाऱ्या पोरासारखा, सरळ आणि उंच. “ठकूबाईला माती द्यायच्या बाजूनं माझं मत. मांडून घ्या, पाळकसाहेब.”

सातही हात वर गेले. मागच्या बाकांवर ज्यांना मत नव्हतं त्यांचेही गेले. पायरीवरच्या मुलींना काय झालं ते सगळं कळलं नसावं, पण हात पाहून त्या उठल्या आणि पहिल्यांदाच धावत आत आल्या. कोणीतरी घंटेच्या दोराला जाऊन लोंबकळलं. मंडळीच्या माणसासाठीच वाजवायची ती घंटा इतकी जोरात वाजली की शेजारच्या वस्तीतली माणसं घराबाहेर आली.

दावीदतात्या सभा संपायची वाट न बघता कुदळ घेऊन पळाला होता.

ऊन उतरायच्या आत आम्ही मावशीला नेलं. पेटी सहाजणांनी उचलली, त्यात पुढच्या डाव्या बाजूला सर होते, एकोणसाठ वर्षांचे, खांद्यावर रुमालसुद्धा न ठेवता. पेटी ओट्यावर टेकवण्याआधी पपा थांबले. त्यांनी दगडावर हात ठेवला आणि तिथे निजलेल्या माणसाला उद्देशून म्हणाले, “शंभर वर्षं आम्ही तुला विचारलं नाही. आज विचारतो. हिला क्षणभर तुझ्याजवळ ठेवतो.” मग त्यांनी प्रार्थना केली. ती प्रार्थना तशी नेहमीचीच होती, पण शब्दाशब्दाला लोक मोठ्यानं आमेन म्हणत होते. अकरा मुलींनी दोन्ही मुठी भरून माती टाकली. वसतिगृहातला सगळा गोंगाट ऐकू येतो, अशा कोपऱ्यात तात्यानं जागा धरली होती.

परत येताना पपा माझ्याबरोबर चालत होते.

“तुझ्या त्या विषयात,” ते म्हणाले, “प्रार्थना बसते का?”

“बसते का ते माहीत नाही. पण अजून कोणी हाकललेली नाही.”

ते हसले. त्या चार वर्षांत माझ्या अभ्यासावर ते पहिल्यांदा हसले होते.

पुण्याला गेल्यावर मी तिसरं प्रकरण फाडलं आणि पुन्हा लिहिलं. त्यात ओटा होता, खत होतं, आणि मी न पाहिलेली कबरही होती. ओगले सरांनी ते माझ्यासमोर बसून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, “खुर्चीचं वर्णन तू आत्ता पूर्ण केलंस,” आणि सही केली. पुढच्या वर्षी पदवी मिळाली. नंतर पंचवीस वर्षं मी हाच विषय शिकवला, आणि ‘याचा नीतीशी संबंध काय’ असं एखाद्या मुलानं विचारलं की मला अजून आनंद होतो.

पण पुण्याला निघायच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मंगळवार होता. सकाळी सात वाजता दफनभूमीकडून घाव घातल्याचे आवाज यायला लागले. मी आणि पपा जाऊन पाहतो तर वाघचौरे सर, इस्त्रीच्या पँटवर, बाह्या सारून, पहारीनं पश्चिमेची भिंत पाडत होते. दावीदतात्या दगड बाजूला रचत होता. नवी भिंत ओढ्याच्या काठाला बांधायचा ठराव त्यांनी आदल्याच दिवशी कमिटीत मांडला होता आणि मंजूर करून घेतला होता. गवंडी मात्र पुढच्या आठवड्यात येणार होता. सरांना तेवढा धीर नव्हता.

आम्हीही हात लावला. हळूहळू माणसं जमली. दुपारपर्यंत भिंतीत बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं आणि घाणेरी तोडून झाली. काठाशी, एका करंजाच्या झाडाखाली, वीतभर उंचवटा दिसला. सर तिथे गुडघ्यावर बसले.

पपांनी प्रार्थना म्हटली, अडतीस वर्षं उशिरा, एकही वाक्य न गाळता. मग त्यांनी मंडळीची दफनाची नोंदवही उघडली आणि पेन काढलं.

“नाव?”

“भागुबाई येसू वाघचौरे.”

“मंडळीत केव्हापासून?”

सरांनी अंगावरची धूळ झटकली, उभे राहिले आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, “पहिल्यापासून.”

पपांनी तसंच लिहिलं.